देवबागची सुकती आणि मोठे ल्युअर: स्पीडबद्दल कुणी नीट सांगत नाही

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी मोठे ल्युअर (गळाचे नकली मासे) घेऊन गरवायला जाणार असाल तर "मोठा ल्युअर म्हणजे फास्ट रिट्रीव्ह, म्हणजे पटपट ओढून घ्या" हे दुकानातलं ज्ञान दुकानातच ठेवून जा. आम्हाला तेच सांगून पाठवलं आणि देवबागला पहिली अख्खी सुकती (ओहोटी) फुकट गेली, 18 सेंटीमीटरचा मिनो (लांबट माशासारखा ल्युअर) पाण्यात कलंडत, आडवा पडत येत होता, जिताडा मासा त्याच्याकडे बघणार तरी कशाला!

रिळाचं हँडल किती फिरवता यापेक्षा पाणी कुठे चाललंय ते बघा. सुकतीला संगमावर ओढ जबरदस्त असते. ओढीच्या वरच्या बाजूला फेकलं की ल्युअर पाण्याबरोबरच वाहत येतो, तिथे रीळ पटपट फिरवावं लागतं, नाहीतर तो नुसता लाकडासारखा येतो. खालच्या बाजूला फेकलात तर सगळं उलट, हँडल थांबवलं तरी पाण्याच्या जोरावर तो पोहत राहतो. 6.2:1 गिअरचं 5000 साईझचं रीळ एका फेऱ्यात साधारण मीटरभर लाईन ओढतं, त्यामुळे खाली फेकल्यावर दोन सेकंदाला एक फेरासुद्धा भरपूर झाला. रॉडच्या टोकाला बारीक एकसारखी थरथर असेल तर स्पीड बरोबर.

जिताडा लांबवर पाठलाग करत नाही, खडकाच्या आडोशाला थांबून समोरून जाणारी बोय मासळी गट्ट करतो. म्हणून दोन हलके झटके आणि मग तीन-चार सेकंद चक्क थांबा, पण लाईन सैल सोडू नका. आमचा जिताडा अशाच थांब्यावर लागला, टक् करून, आणि काय ओढला राव, हात अजून दुखतायत आणि मी अजून हवेत आहे! ट्रेव्हली मासळी मात्र पॉपरच्या (पाण्यावर छपछप करत येणाऱ्या ल्युअरच्या) मागे लागली की अजिबात थांबायचं नाही, थांबलात की ती वळली.

खडकांवर कालवं आहेत, ब्रेड (विणलेली लाईन) घासली की गेलीच. 60 पाउंडाचा लीडर (लाईन आणि ल्युअरमधला जाड तुकडा) हवाच. ट्रेबलचे (तीन टोकांच्या गळाचे) उलटे काटे आधीच पकडीने दाबून टाका.



होडीचं बोलायलाच हवं. ठरवताना अर्धा दिवस दोन हजार, उतरताना तासाचा हिशोब काढून साडेतीन घेतले, वर भरतीच्या टोकाला, पाणी ठप्प असताना, डॉल्फिनवाल्या बोटींच्या गर्दीत नेऊन उभं केलं. भाडं, सुकतीची वेळ आणि नांगर कुठे टाकणार, तिन्ही होडीत पाय टाकायच्या आधी बोलून घ्या. नांगर टाकायला तयार नसेल तर पैसे घालवू नका, सरळ खडकावरून गरवा.