ड्रॉइंगवर नुसतं ५ लिहिलेलं: वेल्डिंग सिंबॉलचा माझा अनुभव

वेल्डिंग सिंबॉल, म्हणजे कुठे कसलं वेल्ड करायचं ते सांगणारी ड्रॉइंगवरची खूण, शिकणं अवघड नाहीये, हे आधीच सांगून टाकते. अवघड आहे ते ज्याने ड्रॉइंग काढलंय त्याच्याकडून एक ओळ लिहून घेणं. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपला क्यूसीत, म्हणजे तपासणीला आहे, डिप्लोमा झाल्या झाल्या लागले. सिंबॉल परीक्षेपुरते पाठ होतेच, पण खऱ्या ड्रॉइंगवर बाण एकमेकांत घुसलेले असतात तेव्हा पाठांतर कुठच्या कुठे जातं.

जॉइंट पाचच, बट, टी, लॅप, कॉर्नर आणि एज. एका दुपारचं काम. फक्त जॉइंट आणि वेल्ड यांची खिचडी करू नका, दोन प्लेटी कशा भेटल्यात तो जॉइंट आणि तिथे काय भरलंय ते वेल्ड. टी जॉइंट दिसला की सगळे डोळे झाकून फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेलं तिकोनी वेल्ड म्हणतात, पण टीला एक प्लेट बेव्हल करून, म्हणजे कड तिरकी कापून फुल पेनिट्रेशन, म्हणजे पूर्ण जाडीभर वेल्ड पण मागतात. अशा वेळी बाणाची रेघ मध्येच मोडलेली दिसली तर बाण ज्या प्लेटकडे वळलाय तीच बेव्हल करायची. बाकी त्रिकोण म्हणजे फिलेट, बाण आडव्या रेघेला मिळतो तिथे गोल म्हणजे चारही बाजूंनी, झेंडा म्हणजे साइटवर करायचं वेल्ड. झालं.

आता ते ५ चं प्रकरण. एका स्किडची, म्हणजे मशिनरी बसवायच्या चौकटीची बेस फ्रेम होती, ड्रॉइंग एका कन्सल्टंटच्या ऑफिसातून आलेलं. आमचं शॉप सगळं अमेरिकन पद्धतीवर, म्हणजे एडब्ल्यूएस ए२.४ वर वाढलेलं. त्यात रेफरन्स लाइन, म्हणजे चिन्ह बसतं ती आडवी रेघ, एकच, चिन्ह रेघेच्या खाली असेल तर वेल्ड बाणाच्या बाजूला, वर असेल तर पलीकडे. पण या ड्रॉइंगवर सरळ रेघेसोबत एक तुटक रेघ. ही आयएसओ २५५३ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधली सिस्टिम ए. त्यात चिन्ह सरळ रेघेवर असेल तर बाणाची बाजू, तुटक रेघेवर असेल तर पलीकडची, आणि ती तुटक रेघ वर पण काढतात आणि खाली पण, त्यामुळे आपला खाली-वरचा नियम तिथे सरळ उलटा पडू शकतो. एवढं मला कळलं होतं.

अडलं ते त्रिकोणाच्या डावीकडे नुसतं ५ लिहिलं होतं तिथे. एडब्ल्यूएसमध्ये फिलेटचा आकडा म्हणजे लेग, प्लेटीला चिकटलेल्या बाजूची लांबी. सिस्टिम ए मध्ये आकड्याआधी अक्षर हवं, छोटा a म्हणजे थ्रोट, कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी, आणि छोटा z म्हणजे लेग. इथे अक्षरच नाही! आमचे फिटर म्हणाले, "बेन, पांच लख्युं छे तो पांच." पण थ्रोट ५ धरला तर लेग होतो ७, कारण सारख्या लेगच्या फिलेटला थ्रोट लेगच्या ०.७ पट असतो. दोनच मिलिमीटर वाटतात, पण वेल्डचं क्षेत्रफळ २५ ला ४९, जवळजवळ दुप्पट. वायर दुप्पट, वेळ दुप्पट, फ्रेम वाकायची भीती पण वाढली. शिवाय स्टिफनरच्या, म्हणजे मजबुतीच्या पट्टीच्या स्टिच वेल्डला, म्हणजे टाक्यांसारख्या तुकड्यातुकड्यांच्या वेल्डला, ५० ही टाक्याची लांबी आणि पुढे कंसात १००. सिस्टिम ए मध्ये कंसातला आकडा म्हणजे दोन टाक्यांमधली मोकळी जागा, एडब्ल्यूएसचा पिच मात्र मध्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे मोकळी जागा ५० च. नोट्सच्या रकान्यात स्टँडर्डचं नावच नव्हतं.

मग टेक्निकल क्वेरीचा फॉर्म भरला आणि पुढे जे झालं ते आठवलं की अजून चीड येते. आधी फॉर्म परत आला, 'प्रपोज्ड सोल्युशन' रिकामं म्हणून. अहो, सोल्युशन माहीत असतं तर क्वेरी कशाला पाठवली असती? मग रिव्हिजन नंबर फॉर्मच्या दुसऱ्या पानावर नाही म्हणून परत. मग उत्तर आलं, "ड्रॉइंगप्रमाणे करावे". ड्रॉइंगबद्दलच तर विचारतेय ना! फोन केला तर म्हणे मॅडम स्टँडर्डप्रमाणेच आहे, कुठलं स्टँडर्ड विचारलं तर म्हणे जे नेहमी असतं ते. त्यात नवरात्र आलं, आणि नवरात्रात बडोद्यात सकाळी कुणाकडून कामाचं उत्तर मागणं म्हणजे विचारूच नका, सगळे रात्रभर गरबा खेळून आलेले. इकडे फ्रेम टॅक करून, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरती जोडून क्रेनखाली जागा अडवून पडलेली, ठेकेदार रोज विचारणार, आणि आमचे साहेब म्हणणार लेग ५ ने सुरू करा, कमी पडलं तर वरून वेल्डचा एक रन, म्हणजे थर मारू. मारता येतो, नाही असं नाही, पण परत साफसफाई, परत व्हिज्युअल, परत रिपोर्ट, आणि ते सगळं माझ्या सहीने. मी सही दिली नाही. ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला त्याचं आजही काही वाटत नाही.

शेवटी दांडिया बाजारातल्या मामाने वाट दाखवली. मामा जुना कलाभवनवाला, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं ते तंत्रशिक्षणाचं कलाभवन. तो म्हणाला, अगं शब्दांत विचारूच नकोस, चित्र काढ. मी एका कागदावर दोन सेक्शन काढले, एकात लेग ५, दुसऱ्यात थ्रोट ५ आणि लेग ७, खाली स्टिचची पण तशीच दोन चित्रं, प्रत्येकाशेजारी एक चौकोन, आणि लिहिलं, "जे बरोबर असेल त्यावर टिक करून सही करा." दुसऱ्याच दिवशी टिक होऊन आलं. थ्रोट ५, मोकळी जागा १००. इतके दिवस जे मिळत नव्हतं ते बॉलपेनच्या दोन फराट्यांत! साहेबांनी वायरचा हिशोब बघून सुस्कारा सोडला, पण बोलले काही नाहीत.

तर नवीन कुणी असेल त्यांनी सिंबॉल बघायच्या आधी नोट्समध्ये स्टँडर्डचं नाव शोधा, नसेल तर लेखी घ्या, फोनवर नको. फिलेटच्या त्रिकोणाची उभी बाजू नेहमी डावीकडेच असते, त्यावरून प्लेट कुठली ते ठरवत बसू नका. थ्रोट मागितला असेल तर वेल्ड मोजायच्या गेजची थ्रोटची बाजू वापरा, लेगच्या पात्याने मोजून ७ आला तरी वेल्ड मधून खोलगट असेल तर थ्रोट ५ भरत नाही. आणि हो, रेघेच्या शेवटी ती दुभंगलेली शेपटी असते ना, तिथे प्रोसेस वगैरे लिहितात, आयएसओवाले तर नुसता नंबर टाकतात, १४१ म्हणजे टिग, १३५ म्हणजे मॅग, १११ म्हणजे आपलं साधं इलेक्ट्रोडचं. काही सांगायचं नसेल तर शेपटी काढतच नाहीत, त्यामुळे शेपटी दिसली नाही म्हणून क्वेरी पाठवू नका, तो फॉर्म परत येईल.