साठ की शंभर?
आज पहाटेच हिप्परग्याच्या तलावावर गेलो. मित्राच्या दोन मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्स मागून आणलेल्या, एक साठ मिलिमीटरची, एक शंभरची. दोन्ही १:१, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराचाच उमटतो. मग शंभरला जास्त पैसे कशाला, असं कालपर्यंत वाटायचं.

उत्तर एका चतुर किड्याने दिलं. साठ लावून पूर्ण जवळ गेलो तर लेन्सचं तोंड आणि तो यांत जेमतेम पाच बोटं. सावली पडली की गडी भुर्र! आणि परत त्याच काडीवर, मुद्दाम चिडवायला आल्यासारखा. शंभरला पाऊण वीत मिळते. तेवढ्यावर तो बसून राहिला. डोळ्यावरची बारीक जाळी, पंखाच्या टोकाजवळचा गडद ठिपका, सगळं दिसलं.

फोकसचं दुखणं मात्र दोन्हींत सारखंच. लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी मिलिमीटरभरच धारदार. डोळा धरावा तर पाय धूसर. त्यात नऊ वाजताच आपलं सोलापुरी ऊन आणि हलणारं गवत. ८३ पैकी ४ फोटो ठेवले.

सेकंडहँड शंभर कुणी विकत असेल तर इनबॉक्स करा. खाली कमेंटमध्ये किंमत लिहू नका, बायको वाचते.