मीटर गेजचं खानापूर : रेल्वे ठरली, काळ ठरला, रूळ पडले

मंडळी, मॉडेल रेल्वेत "काय बांधतोयस?" या प्रश्नाला आता माझ्याकडे धड उत्तर आहे. दक्षिण मध्य रेल्वे, हुबळी विभाग, मीटर गेज, बेळगावजवळचं खानापूर स्टेशन, काळ १९७४ ते १९८३. प्रमाण १:८७, रूळ १२ मिलिमीटरचे (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, गेज). आठ फुटी फळी भिंतीला लागली आहे, मेन लाइन आणि लूप (गाडी बाजूला घ्यायची लाइन) टाकून झाले, माल-साइडिंगचा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) अजून हाताने घासतोय.

हे ठरायला वेळ का लागला, ते आधी सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक सध्या त्याच घोळात आहेत.

बेळगावात राहून मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेला माणूस पहिल्यांदा दूधसागरच्याच प्रेमात पडतो. साहजिक आहे. १८८८ साली मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेली पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे, इकडून सदर्न मराठा रेल्वे, मध्ये कॅसल रॉक, तिथं ब्रिटिशांची जकात तपासणी आणि खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. मॉडेलला याहून भारी विषय कुठला? पण कॅसल रॉक ते कुळे अंतर साधारण २६ किलोमीटर. १:८७ ने भागा, जवळपास तीनशे मीटर होतात. बरं, अंतर आखडता येतं, चढ कसा आखडणार? घाटात चढ सदतीसला एक. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नुसती एक फूट उंची मिळवायची तरी सदतीस फूट रूळ हवेत. ज्याच्याकडे गच्चीवर हॉल आहे त्याने खुशाल करावं, मी बघायला येईन.

मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा, म्हणजे १९०८ नंतरचा काळही खुणावत होता. लाकडी डबे, पितळी दिवे, सगळा राजेशाही थाट. मला अडलं ते रंगापाशी. हाताशी असलेले फोटो काळे-पांढरे, आणि अंदाजाने रंग लावलेला डबा मला रात्री झोपू देणार नाही.

आजची दक्षिण पश्चिम रेल्वे करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. रोज डोळ्यांसमोरून जाणारी गाडी, फोटो हवे तेवढे. एक गणित मात्र करून ठेवा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. दुकानात मिळणारा एचओ, म्हणजे १:८७ चा नेहमीचा रूळ साडेसोळाचा. म्हणजे पावणेतीन मिलिमीटर कमी. बाजूने बघताना कळत नाही, पण समोरून, इंजिन तोंडावर येताना, भरदार गाडी अरुंद पायांवर उभी दिसते. ज्यांना चालतं त्यांना चालतं.

मीटर गेजचं गणित करा आता : हजार भागिले ८७, साडेअकरा. युरोपातल्या मीटर गेजसाठी निघालेला १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. अर्धा मिलिमीटरचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही. आपल्या भागाचं नशीब असं की नव्वदच्या दशकापर्यंत मिरज-बेळगाव-लोंढा सगळं मीटर गेजच होतं. जे इथलं आहे तेच मापात बसतं, मग दुसरीकडे जायचं कशाला?

खरा मोह मिरजेचा झाला, आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं. बेळगावकडचा फाटा मीटर गेजच राहिला. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १९२७ पासून येतच होती. म्हणजे विसेक वर्षं एकाच स्टेशनात तिन्ही गेज! पुण्याहून आलेला माणूस ट्रंक, वळकटी, पोरं घेऊन या गाडीतून त्या गाडीत, आणि मालाची पोती हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत. ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, त्याला ९ मिलिमीटरचा रूळ चालतो. तीन प्रकारचे रूळ, तिन्ही विकत मिळणारे, एका प्रमाणात. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की मी नकाशेही काढले. पण तीन गेज म्हणजे तीन वेळा इंजिनं, तीन वेळा डबे, तीन वेळा खर्च. घरात तसं सांगून बघितलं. "मिरजेला तिकीट काढून जाऊन ये, स्वस्त पडेल," असं उत्तर मिळालं.

लोंढ्याचाही विचार झाला. बेळगावकडून गोव्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, खेळायला मजा. पण जंक्शनला जागा लागते. खानापूर कसं, मेन लाइन, लूप, एक साइडिंग, बस्स. कौलं, लाकूड आणि पोती एवढा माल दाखवला की गाव ओळखू येतं.

आता वर्षांचं. अशा प्रकल्पात काळ नुसता "वाफेचा" म्हणून भागत नाही, दोन्ही टोकांना खुंटी ठोकावी लागते. माझी पहिली खुंटी १ नोव्हेंबर १९७३, त्या दिवशी म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या लाल बसवर काय लिहायचं ते ठरलं. दुसरी खुंटी डिसेंबर १९८३, मारुती ८०० बाजारात आली. ती एकदा का फाटकाजवळ उभी केली की मागचं सगळं वेगळ्या काळात जातं. या दोन खुंट्यांच्या मध्ये विभाग बदलत नाही (हुबळी १९६६ पासून २००३ पर्यंत दक्षिण मध्यमध्येच होता), डबे मरून रंगाचे राहतात आणि वायपी, वायजी या वाफेच्या इंजिनांबरोबर वायडीएम-४ डिझेलही चालवता येतं. एसटीडी बूथ नाही, निळे डबे नाहीत. फाटकाजवळ अँबॅसडर, लोखंडी चाकाची बैलगाडी आणि एक लॅम्ब्रेटा.

इंजिनांच्या बाबतीत सध्या डिझेल पुढे आहे. वायडीएम-४ ची बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली आणि खाली टीटीचं (एचओहून लहान प्रमाणाचं) सहा ॲक्सलचं चॅसिस घातलं. टीटीचा रूळ १२ मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे गेजला हात लावावा लागला नाही. बोगीतलं (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातलं) चाकांचं अंतर काटेकोर जुळत नाही, पण बाजूच्या फ्रेमने ते झाकलं. वायपीला तसं करता येणार नाही. तिचं मोठं चाक ४ फूट ६ इंची, मॉडेलमध्ये पावणेसोळा मिलिमीटर. वायजीचं ४ फुटी, म्हणजे १४. चॅसिस शोधताना मी आधी चाकच मोजतो, बाकी सगळं कापता-चिकटवता येतं. सध्या जपानी १२ मिलिमीटरच्या इंजिनांवर डोळा आहे. तिकडचा गेज साडेतीन फुटी, तोही १:८७ ला सव्वाबारावर येतो.

डब्यांची चाकं मात्र आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली, कारखान्यांच्या वस्तीतली. हायड्रॉलिकचे पार्ट करणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने सव्वाआठ मिलिमीटर व्यासाचं ड्रॉइंग उलटसुलट करून बघितलं. "एवढंसं? घड्याळाचं हाय काय हे?" म्हणाला. शेवटी उरलेल्या पितळी बारमधून, संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी, काढून दिली. फ्लँजची (चाकाच्या आतल्या उंच कडेची) धार बोटाला लागत नाही, रुळावर ढकललं की डबा फळीच्या टोकापर्यंत जातो. एका चाकाच्या भोकात नायलॉनची बुशिंग दाबून बसवली आहे, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. पितळ लवकर काळं पडतं, पुढचा लॉट दुसऱ्या धातूचा करायचा विचार आहे.

नवीन लोकांसाठी एक सूचना : ब्रॉडगेजचे फोटो बघून मीटर गेजच्या डब्याला दोन बाजूला दोन बफर लावू नका. आपल्या मीटर गेजला मधोमध एकच बफर, त्यातच हुकाची जोडणी. प्रदर्शनात मी आधी तेच बघतो.

गल्लीतले निवृत्त पॉइंट्समन काका परवा बघायला आले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी सिग्नल शोधला. "होम कुठं हाय रे तुझा? आणि टोकन कोण देणार ड्रायव्हरला?" म्हटलं, काका, अजून माणसंच केलेली नाहीत. तर ते स्वतः फळीपाशी उभे राहिले आणि टोकनचं, म्हणजे पुढच्या एकेरी लाइनवर जायच्या परवान्याचं, वेताचं कडं खांद्याच्या उंचीवर कसं धरायचं, हात कोपरात किती वाकवायचा, चालत्या इंजिनावरून फायरमन त्यात हात कसा घालायचा, सगळं करून दाखवलं. मी फोटो काढून घेतले. प्लॅटफॉर्मवरची पहिली मूर्ती त्याच पोझमध्ये होणार, वीस मिलिमीटर उंचीची, कडं तांब्याच्या बारीक तारेचं.

जमिनीसाठी खानापूर रस्त्याकडेची तांबडी माती आणली आहे. चहाच्या गाळणीने एकदा आणि मग मलमलमधून एकदा चाळली, तव्यावर भाजून घेतली. १:८७ ला मूळ रंग जरा भडक वाटतो, म्हणून चिमूटभर राख मिसळतो. राख यार्डात तशीही लागणारच.

पुढचं काम : साइडिंगचा सांधा पुरा करणे, खाली पडणाऱ्या हाताचे दोन सिग्नल आणि मालधक्क्यावरचं कौलारू छप्पर. स्टेशनची पाटी शेवटी. १९८० च्या आसपासचा खानापूरच्या पाटीचा स्पष्ट फोटो कोणाच्या घरच्या अल्बममध्ये असेल, मागे मामा-मावशी उभे असले तरी चालतील, तर अक्षरांच्या मापासाठी तेवढा दाखवा.