चार मांजरं, एकच अंग

इंग्लंडमध्ये लाइव्ह टीव्ही बघायला लायसन्स लागतं. मांजरांचं पाळणाघर चालवायचं तर 2018 च्या नियमांप्रमाणे कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं, आणि ते मिळण्याआधी माणूस येऊन जागा तपासून जातो. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून विकायला 2020 पासून बंदी आहे. 10 जून 2024 पासून घरातल्या मांजराला 20 आठवड्यांचं व्हायच्या आत मायक्रोचिप बसवणं सक्तीचं झालंय. नसेल बसवली तर 21 दिवसांची मुदत देतात, आणि तरीही टाळलं तर 500 पौंडांपर्यंत दंड. इतकं सगळं असलेल्या देशात त्याच मांजराच्या अंगावर केस कापायचं मशीन फिरवायला मात्र काहीही लागत नाही. शिक्षण नको, परवाना नको, कुठे नाव नोंदवायला नको. उद्या मी डर्बीतल्या आमच्या दारावर ‘कॅट ग्रूमिंग’ अशी पाटी लावली तर कौन्सिलचं कुत्रंही विचारायला येणार नाही.

हे मला डेझीमुळे कळलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे चार मांजरं आहेत. मनी आणि चिंगी या सख्ख्या बहिणी, म्हातारा ढाण्या, आणि डेझी. पहिली तिघं आखूड केसांची, आपल्या गावठी मांजरांसारखीच. डेझी आली ती पलीकडच्या आजी केअर होममध्ये गेल्या तेव्हा. लांब केसांची, अर्धी पर्शियन. आजींचे हात संधिवाताने गेलेले, त्यामुळे शेवटचं वर्षभर तिच्या अंगावरून कंगवा फिरलेला नव्हता. पोटाखाली, बगलेत, शेपटीच्या मुळाशी जटा. एकेक जट पार कातडीला चिकटलेली. मांजर पाऊल उचलायचं तेव्हा बगलेतली जट कातडी ओढायची, म्हणून ते पाऊल आखडून टाकायचं. मला ते बघवेना. चौकशी करून एका ग्रूमरची वेळ घेतली.

परत आली ती अर्धी भादरलेली, बगलेत कापलेलं, आणि अंगाला लॅव्हेंडरचा असा वास की गाडीच्या काचा खाली कराव्या लागल्या. कापल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला घरी आल्यावर दिसलं.

घरात पाऊल ठेवलं आणि मनी तिच्यावर धावून गेली. सकाळपर्यंत जिच्या पाठीला पाठ लावून झोपत होती तिच्यावर. चिंगी फिसकारत कपाटावर चढली. ढाण्या, जो कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, तोही गुरगुरला. डेझी सोफ्याखाली गेली ती बाहेरच येईना.

पुढचं सगळं आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निस्तरलं, आणि त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय. इथली व्हेटर्नरी नर्स पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजकडे, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेकडे, नोंदलेली असते, शिकून परीक्षा देऊन आलेली. जखम डॉक्टरांनी बघितली, आणि ते गेल्यावर या बाई मला म्हणाल्या, थांबा, हे तुम्हाला पुन्हा लागणारच आहे. आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. टेबलावर मांजर घाबरतं, म्हणून. डेझीला मांडीत घेतलं, तोंड बाहेरच्या बाजूला. एक उरलेली जट माझ्या हातात देऊन मुळाशी चिमटीत धरायला लावली, म्हणजे ओढ माझ्या बोटांना बसेल, तिच्या कातडीला बसणार नाही. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळलं. मग लोखंडी कंगव्याच्या शेवटच्या दोनच दातांनी टोकाकडून सुरुवात. टोक सुटलं की थोडं आत, पुन्हा थोडं आत. मुळापासून ओढायचं नाही. डेझीची शेपटी हलायला लागली, कान मागे वळले, की कंगवा खाली आणि तोंडासमोर खाऊ. ती एवढीशी जट सुटेपर्यंत बाहेर माणसं थांबली होती, पण बाईंच्या हाताची गती बदलली नाही.

कात्री का नको तेही दाखवलं. मांजराची कातडी पातळ, आणि जट ओढली की ती जटेबरोबर तंबूसारखी वर येते. आपल्याला वाटतं केस कापतोय आणि आपण कातडी कापत असतो. आधी अंघोळ घालणं तर त्याहून वाईट, ओली जट वाळताना आणखी आवळते. जी सुटतच नाही ती दवाखान्यात, गरज पडली तर भूल देऊन, मशीनने काढायची. या सगळ्याचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत. मी खूपदा आभार मानले तर म्हणाल्या, मांजर चालायला लागलं की फोन करा. मी केला.

लांब केसांच्या मांजराला माणसाचा हात का लागतो, याचंही उत्तर सापडलंय. जॉर्जिया टेकमधल्या अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये मांजरांच्या जिभा तपासल्या. जिभेवरचे काटे टोकाला पन्हळीसारखे पोकळ असतात, त्यातून लाळ वर चढते आणि केसांच्या मुळाशी सोडली जाते. वाघापासून घरच्या मनीपर्यंत हे जमतं. पर्शियनच्या दाट लांब केसांतून मात्र जीभ कातडीपर्यंत पोचतच नाही. माणसानेच वाढवलेले केस आहेत ते, माणसानेच विंचरायला हवेत.

पण मला खरं हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डेझीवर बाकीची का तुटून पडली? तर एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना चाटून, अंग घासून घराचा एक सामाईक वास तयार करतात. तोच त्यांचा ओळखीचा दाखला. डेझीचा दाखला शाम्पूने धुवून टाकला होता. नर्सबाई म्हणाल्या, तिला दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आणि एकच फडकं घेऊन ते आधी बाकीच्यांच्या गालांवरून, मानेवरून फिरवा, मग तिच्यावरून.

मी तिथेच म्हटलं, अहो, हे तर माझी आई करते.

सांगलीत आमचं घर गावभागात. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. गोदामात उंदीर, म्हणून मांजरं, आणि त्यातली दोन-तीन कायम वडिलांच्या मागे घरी. हंगामात ती पिवळी धमक होऊन यायची. पंजे पिवळे, मिशा पिवळ्या. आई जुनेर ओलं करून घट्ट पिळायची आणि दारातच एकेकाला पुसायची. सगळ्यांना तेच एक जुनेर. शेजारणी हसायच्या. मी लहानपणी विचारलं होतं, कशाला गं एवढं? आई म्हणाली, “अगं, चाटणार की ती. अंगाचं पोटात जातंय.”

मांजरांबद्दल मी पुढे जे काही वाचलं, ऐकलं, ते सगळं याच्यावर येऊन थांबतं. अंगाचं पोटात जातं, आणि घरात चार असली तर एकीच्या अंगाचं चौघांच्या पोटात जातं. मनी चिंगीचं डोकं चाटते, चिंगी ढाण्याची मान. इथे कुणाकडे जेवायला गेलं की फुलांचा गुच्छ न्यायची पद्धत आहे, आणि त्यात लिलीही असू शकते. खऱ्या लिलीचा पराग मांजराच्या अंगावर सांडला आणि तिने चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्याकडे एका मैत्रिणीने इतक्या प्रेमाने आणला होता तो गुच्छ, आणि मी दारातूनच परत दिला. तिला वाईट वाटलं. पुन्हा आणला तर पुन्हा तेच करीन.

ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा मी इथे होते आणि फोन लागत नव्हता. पाणी ओसरल्यावर पहिला व्हिडिओ कॉल आला त्यात आई पायरीवर बसून मांजर पुसत होती. मागे घर चिखलाने भरलेलं, गाद्या बाहेर, दादा फावड्याने गाळ ओढतोय, आणि आई आधी मांजरं घेऊन बसलेली. त्या गाळात डिझेल होतं, गटार होतं, काय नव्हतं? तिला कुठल्या संशोधनाची गरज पडली नाही. इथल्या लोकांना मी हे अभिमानाने सांगते. आपल्याकडे मांजरं ‘अशीच’ राहतात असं जे समजतात त्यांना तर मुद्दाम.

आता एका बाबतीत आईपेक्षा वेगळं करते. फडकं एक, पण कंगवे चार. गजकर्णाची बुरशी कंगव्यातून एका मांजराकडून दुसऱ्याकडे आणि तिथून आपल्या हातावर येते. लांब केसांच्या मांजराच्या अंगावर ती काही न दिसताही असू शकते. म्हणून कंगव्यांना रंगीत दोरे बांधलेत, आणि नवीन मांजर किंवा कुणाला केस गेलेला चट्टा असेल तर फडकंही वेगळं. पिसवांचं औषधही चौघांना एकाच दिवशी, पण मानेवरचं औषध वाळेपर्यंत चार खोल्यांत चौघं, नाहीतर एक दुसरीचं चाटते.

ढाण्याचं वेगळं. म्हाताऱ्या मांजराचे सांधे धरले की ते पाठीमागे वळू शकत नाही, कमरेवरचे केस तेलकट होऊन गुंततात. लोक म्हणतात आळशी झालाय. तो आळशी नाही, त्याला दुखतंय. नखंही झिजत नाहीत, गोल वाढून पंज्याच्या गादीत शिरतात. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, अशी अठरा नखं मी त्याला झोपेच्या गुंगीत असताना कापते, एका बैठकीत एकच पंजा. नखाच्या आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोक. नखंच उपटून टाकायची शस्त्रक्रिया अमेरिकेत कित्येक राज्यांत अजून चालते. इंग्लंडमध्ये ती 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने बंद आहे, आणि त्यासाठी या देशाला मी मनापासून मानते.

मागच्या महिन्यात मी डेझीला विंचरतानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनीने लिहिलं, “आईंच्या डोक्याला तेल लावायला हितं मी एकटी, आणि तुम्ही तिकडं मांजरं विंचरताय होय, वन्सं?” पुढे हसणारे चेहरे होते, पण शब्द लागायचे ते लागले. मी तिला उत्तर दिलं नाही, ते इथे देते. वहिनी, तू करतेस ते मला करता येत नाही, हे मला रोज माहीत असतं. पण आईचे केस विंचरता येत नाहीत म्हणून या मुक्या जिवाच्या जटा तशाच ठेवायच्या का? एका म्हातारीने ती विश्वासाने माझ्याकडे दिलीय. दर रविवारी केअर होममध्ये मी आजींना डेझीचा फोटो दाखवते, आणि त्या आधी तिचं पोट बघतात, गुंता आहे का म्हणून. माझ्या आईजवळ तू आहेस, त्यांच्याजवळ कुणी नाही. डिसेंबरमध्ये मी येतेय, तेव्हा महिनाभर तेलाची वाटी माझ्या हातात.

आणि आता सांगली-मिरजेतल्या तुम्हा सगळ्यांसाठी, कारण माझ्या भाच्यासकट विश्रामबागेत आता घरोघरी पर्शियन दिसायला लागलीत. मांजरं हौसेने आणलीत, छान. पण एप्रिलच्या उन्हात त्यांना सरसकट भादरू नका. उघड्या कातडीला ऊन लागतं. रोज पाच मिनिटं विंचरून आतली मेलेली लव काढली की हवा खेळते, तेवढं पुरतं. बगल, पोट, कानामागे आणि मागच्या मांड्या, जट इथेच सुरू होते.

दुसरं, याहून महत्त्वाचं. गोठ्यातलं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, कितीही पातळ करून. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नको. त्यातली परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट मोडून बाहेर टाकता येत नाहीत. मांजर थरथरतं, लाळ गाळतं, झटके येतात, आणि जीव जातो. एकाला लावलं तर त्याला चाटणारी दुसरीही जाते. फिनाइलच्या पाण्याने पुसणं तर बंदच करा, साधं कोमट पाणी आणि जुनेर पुरे. चुकून काही लागलंच तर फोनवर सल्ले विचारत बसू नका, मांजर उचला आणि डॉक्टरकडे न्या. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकलेले डॉक्टर आपल्या भागात भेटतात, आणि गायी-म्हशींएवढंच मन लावून मांजर बघणारा एखादा आधीच शोधून त्याचा नंबर दाराला लावून ठेवा.

भाच्याला लोखंडी कंगवा मी घेऊन येतेय. दोन मांजरं आहेत म्हणतो, म्हणजे दोन कंगवे. आणखी कुणाला हवे असतील तर खाली लिहा, बॅगेत जागा आहे.