व्हायबिलिटी ९४ टक्के

त्या दिवशी स्क्रीनवर काहीच लाल नव्हतं, म्हणून तर पेशी वाढवायची ती रन अजून डोक्यातून जात नाही.

आमचं काम अँटिबॉडीचं. सीएचओ पेशी (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या) बायोरिॲक्टरमध्ये वाढवायच्या आणि त्या जे प्रथिन बाहेर सोडतात ते गोळा करायचं. आमच्या परफ्यूजन पद्धतीत ताजं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्यद्रव, सतत आत येतं, प्रथिन घेऊन जुनं बाहेर पडतं. पेशी मात्र आतच राहिल्या पाहिजेत. त्यासाठी वर्षानुवर्षं होलो फायबर फिल्टर, बारीक भोकांच्या पोकळ तंतूंचा. त्याला मी जितक्या शिव्या घातल्यात तितक्या पुण्याच्या ट्रॅफिकलाही घातल्या नसतील. मेलेल्या पेशींचा गाळ भोकांवर बसतो, दाब चढतो आणि नेमकं हवं ते प्रथिनच पलीकडे यायचं थांबतं.

म्हणून हिंजवडीच्या आमच्या लॅबमध्ये दोन लिटरच्या व्हेसलवर, म्हणजे बायोरिॲक्टरच्या भांड्यावर, स्पायरल चिप लावली. हिला जाळी नाही, भोकं नाहीत. फक्त वेटोळी घेतलेली चपटी वाट, उंची मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून कमी. वळणावर वेगात गेलेल्या द्रवात आडवे भोवरे तयार होतात. मोठ्या पेशी आतल्या भिंतीला धरून राहतात, लहान बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात, आणि शेवटी वाट दोन फाट्यांत फुटते: आतला परत व्हेसलमध्ये, बाहेरचा प्रथिनासकट हार्वेस्टच्या बाटलीत. नळीतले कण आपोआप ठरावीक जागी रांग धरतात हे सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. चिप विकायला येणारे मात्र शोध परवा लागल्यासारखे बोलतात. वेग जरा कमी पडला की ही रांग मोडते, हे ते सांगत नाहीत. पेरिस्टाल्टिक पंपाचे धक्केही तिला सोसत नाहीत. धक्के शोषणारा डँपनर बदल, नळ्यांची लांबी बदल, असं करत कितीतरी संध्याकाळी गेल्या. मग एकदाची मायक्रोस्कोपखाली आतल्या भिंतीलगत बारीक, न थरथरणारी रेघ दिसली. तिचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे.

त्या दिवशी सकाळचा काउंट मिलिलिटरला दोन कोटी, व्हायबिलिटी, म्हणजे जिवंत पेशींचं प्रमाण, ९४ टक्के. सरांनी ग्राफ लगेच मॅनेजमेंटच्या ग्रुपवर टाकला. दुपारी कॉन्ट्रॅक्टवरच्या ऑपरेटरने हार्वेस्टची बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. "मॅडम, हे कालच्यापेक्षा गढूळ वाटतंय." त्याला डॅशबोर्डचं लॉगिन दिलेलं नाही. बहुधा म्हणूनच त्याने बाटलीकडे बघितलं.

हार्वेस्टचा थेंब ट्रिपॅन ब्लू घालून पाहिला, तो मेलेल्या पेशींनाच रंगवतो. निळंच निळं. बहुतेक पेशी दहा मायक्रॉनच्या आसपास आक्रसलेल्या. व्हेसलमधल्या जिवंत पेशी पंधराच्या घरात. हार्वेस्टमधलं एलडीएचही, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एन्झाइम, चढलेलं. म्हणजे आत पेशी मरत होत्या, मरताना लहान होत होत्या, आणि चिप त्यांना सुपातल्या फोलपटासारखं पाखडून बाहेर टाकत होती. मोजायला उरत होत्या त्या धडधाकट. मग दोन कोटींचा आकडा टिकला कसा? जिवंत पेशी मोजणाऱ्या कपॅसिटन्स प्रोबच्या आकड्यावर ब्लीड चालतो, म्हणजे जास्तीच्या पेशी व्हेसलमधून काढून टाकल्या जातात. वाढ मंदावल्यावर ब्लीडच जवळजवळ बंद झाला होता. ब्लीडचा ग्राफ चौथ्या टॅबवर आहे. तिथे कुणी जात नाही, त्याला अलार्मही नाही.

कारण सापडलं कोल्ड रूममध्ये: मीडियमच्या बॅगेच्या तळाशी टायरोसिन या अमिनो आम्लाचा पांढरा साका. पेशी उपाशी होत्या. बॅग बदलली, रन सावरली.

चिपला दोष देता येत नाही. मेलेल्या पेशी काढून टाकणं हा तिचा गुणच आहे, त्यासाठीच तर ती घेतली. पण होलो फायबर असता तर हा सगळा मढ्यांचा ढीग त्याच्या भोकांवर बसला असता, दाब चढला असता आणि अलार्म ओरडला असता. ज्या अलार्मने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या, तोच. चिप कुरकुरत नाही.

क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, फॉर्मवर व्हायबिलिटीला एकच रकाना आहे, व्हेसलमधल्या सँपलचा. हार्वेस्टमधल्या मेलेल्या पेशींसाठी दुसरा मागितला, तर उत्तर आलं की एसओपीत, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीत, बसत नाही, बदलासाठी चेंज कंट्रोलचा अर्ज टाका. टाकलाय. सर म्हणतात, ९४ टक्के खोटे होते का? नव्हते. बाटलीत गेलेल्या पेशी हिशोबात धरल्या तर किती उतरतात, हे मी रोज वहीत वेगळं मांडते. कोणत्या दिवसापर्यंतच्या धरायच्या, यावर अजून माझंच ठरलेलं नाही.

पुढच्या रनला सुरुवातीच्या एकाच पेशींवर (सीडवर) दोन व्हेसल शेजारी चालवायच्या म्हणतेय, एकावर चिप, दुसऱ्यावर होलो फायबर. खरेदीचा इंडेंट सरांच्या टेबलावर पडून आहे. "ज्याच्या तावडीतून सुटलो," ते म्हणाले, "तेच परत विकत घ्यायचं?"