१२ मिलिमीटरचा जीव

संभाजीनगरात बाहेर ४२ अंश, आणि माझ्या मायक्रोस्कोपखाली अंटार्क्टिकाच्या समुद्रातला अँफिपॉड. जिथलं पाणी उणे १.८ अंशापर्यंत उतरतं, तिथला. कोळंबीचा लांबचा नातेवाईक, दोन्ही बाजूंनी चपटा, पाठीवर काटे.

सकाळपासून नुसते तोंडाचे अवयव सोडवत होतो. बारीक सुईनं एकेक भाग काढायचा, ग्लिसरिनमध्ये ठेवायचा, चित्र काढायचं. हात थरथरला की संपलं. दुपारी पकडीच्या दुसऱ्या पायावरचे काटे मोजले. तीनदा मोजले. आधी वर्णन झालेल्या एकाही जातीशी जुळत नाहीत!

मादी आहे. पोटाखालच्या पिशवीत अंडी तशीच. यांची पिल्लं अळी होऊन पाण्यावर वाहत जात नाहीत, आईसारखीच घडून पिशवीतून बाहेर पडतात. लांब पांगत नाहीत, म्हणून तर एकेका कोपऱ्यात वेगळी जात तयार होते.

संध्याकाळी आईचा गावाकडून फोन. "काय करलालास बाबा? जेवलास का?" सगळं सांगितलं. थोडं थांबून म्हणाली, "आन् नाव काय ठिवणार तिचं?"

अजून ठरलं नाही, आई. आधी हाच नमुना संग्रहालयात जमा करायचा. नव्या जातीचं नाव त्या एका नमुन्याशीच बांधलेलं असतं. पण दिवसभरात हे विचारणारी तू पहिलीच.