काढण्याच्या उलट क्रमाने

मे महिन्यातल्या दुपारी धुळ्यात कुणी गाडीचं काम काढत नाही. मी काढलं, कारण एसीतून गार हवेऐवजी नुसताच आवाज येत होता आणि संध्याकाळी पारोळ्याकडे एका साखरपुड्याला जायचं होतं. निंबाच्या सावलीत गाडी उभी होती. तिच्याखाली झोपलेल्या कुत्र्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातात पाना नसून मोबाइल आहे हे बघितलं आणि डोळा मिटून घेतला.

मोबाइलमध्ये गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक होतं. एसीची हवा गाळणारा फिल्टर कुठे असतो, तर डॅशबोर्डच्या खणामागे. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबा, खण खाली ओढा, झाकणाची खिटी सोडवा, फिल्टर सरळ बाहेर काढा. त्यावर बाणाची खूण असेल, ती लक्षात ठेवा. आणि शेवटी एकच ओळ: बसवणे – काढण्याच्या उलट क्रमाने.

फिल्टर निघाला. म्हणजे एके काळी तो फिल्टर होता. त्याच्या घड्यांमध्ये धूळ इतकी घट्ट बसली होती की त्यात मेथी पेरता आली असती. निंबाचा पाला होता, कबुतराचं एक पीस होतं आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफलं होती. गाडीत शेंगा खायला आमच्या घरात बंदी आहे. उंदराने तिथे बऱ्यापैकी संसार मांडला होता. अकराशे पानांचं पुस्तक न वाचता त्याला ही जागा कशी सापडली असेल, याचा मी थोडा वेळ विचार केला. मोबाइलचा पडदा तेवढ्यात विझला. हात काळे झालेले, म्हणून तो नाकाने उघडला. ही युक्ती पुस्तकात नाही.

गाडी घेताना जे पुस्तक मिळतं ते वेगळं, बरं का. ते मालकासाठी असतं. त्यात सीटबेल्ट कसा लावावा हे चित्रासकट सांगतात आणि जरा कामाचा प्रश्न आला की ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ म्हणून हात झटकतात. खरं पुस्तक मिस्त्रीसाठी लिहिलेलं असतं. युरोपात कंपन्यांना ते बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुलं ठेवावं लागतं, तसा कायदाच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून तसा कायदा करून घेतला. फुकट नाही. कंपनीच्या साइटवर पैसे भरायचे, मग तासाभरासाठी किंवा दिवसभरासाठी पुस्तक उघडतं. थेट आमच्या लहानपणच्या भाड्याच्या सायकलीसारखं. आठ आण्यांत तास मिळायचा आणि त्या तासात पाणी प्यायलासुद्धा कुणी खाली उतरत नसे.

मी एका दिवसाचे पैसे भरले, तेही युरोत. आणि सायकल घेतल्यासारखाच बसलो, सकाळी चहाला जो बसलो तो रात्री जेवायला उठलो. कामाची पानं मुलाच्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर हाताने उतरवून घेतली, आकृत्यांचे फोटो काढले. संध्याकाळच्या सुमारास लक्षात आलं की तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. म्हणजे आपल्या गाडीत जे इकडे, ते चित्रात तिकडे. तेव्हापासून मी कुठलंही पान आधी मनात आरशासमोर धरतो आणि मग पाना उचलतो.

बाकी पुस्तक फार सज्जन आहे. बर्फात टायरला साखळ्या कशा बांधायच्या हे त्यात चार पानं आहे. इंजिन ऑइल कोणतं घालावं याचा एक तक्ता आहे, तो उणे ३० अंशांपासून सुरू होतो आणि ४० ला संपतो. धुळ्याचा मे तिथून सुरू होतो. सगळ्यात आवडतं पान मात्र ‘कठोर परिस्थिती’चं. धुळीचे रस्ते, अति उष्ण हवा, पुन्हा पुन्हा लहान फेऱ्या, थांबत थांबत चालवणं, अशा परिस्थितीत गाडी वापरत असाल तर तेल नि फिल्टर लवकर बदला, असं त्यात आहे. वाचून मला भरून आलं. कुणीतरी सातासमुद्रापलीकडे बसून माझा पत्ता इतका अचूक लिहिला होता. देवपुरातून आग्रा रोडला भाजी आणायला जाणं आणि परत येणं ही कठोर परिस्थिती आहे, हे घरात मी आता लेखी दाखवू शकतो.

आणि त्यातले आकडे! प्रत्येक बोल्ट किती घट्ट आवळायचा, हे न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं. तेल सोडायच्या बोल्टला ३५, चाकाच्या नटांना ८५. त्यासाठी खास पाना मिळतो, पण युरो भरून झाल्यावर घरात पुन्हा खर्चाचा विषय काढण्याची सोय नव्हती. मग अकरावीचं भौतिकशास्त्र आठवलं. पान्यात पाइप घालून दांडा अर्ध्या मीटरचा केला आणि त्याच्या टोकाला साधारण १७ किलो वजन टांगलं, तर नटावर जवळपास ८३ न्यूटन-मीटर पडतात. पाणी लिटरला किलो. दांडा आडवा, नटाच्या उजव्या हाताला, टोकाला बादली. हळूहळू पाणी ओतत होतो, दांडा हळूहळू झुकत होता, माझं समाधान वाढत होतं. बायको वाळवणाच्या कुरडया बघायला बाहेर आली. चाकाला लोंबकळणारी बादली तिने पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“आता गाडीला पाणीपण पाजायचं असतं का?” एवढंच म्हणाली.

आकड्यांचं हे वेड माझं, माझ्या वडिलांचं, आप्पांचं नव्हे. आप्पांना चित्रं आवडायची. विहिरीवर आमचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं, त्याचं पुस्तक ते खाकी कागदाचं कव्हर घालून फडताळात ठेवत, पंचांगाच्या खाली. त्यात एका अख्ख्या पानावर इंजिनाचा एकेक भाग सुटा करून हवेत तरंगत ठेवलेला होता. पिस्टन, त्याच्या रिंगा, पिन, कनेक्टिंग रॉड, सगळे एका रेघेत आणि कुणीच कुणाला टेकलेलं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. मी घाबरून विचारलं, इंजिन फुटलं का?

“फुटनं नई रे,” आप्पा म्हणाले, “उकलीसन दखाडेल शे.”

इंजिन खोलायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सण असायचा. रब्बी उरकली, विहिरीचं पाणी खाली गेलं की आप्पा मोकळे होत. मळ्यात आईचं जुनं लुगडं पसरायचं. शेजारी रॉकेलची परात. निघेल तो भाग परातीत धुवायचा आणि लुगड्यावर ओळीने ठेवायचा, काढला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. ओळ मोडायची नाही. जेवायला बसलं तरी ओळीला पाठ करायची नाही. माझं काम राखणदारीचं. शेळी आली तर हाकलायची, वारा आला तर कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्या ओळीकडे बघत बसलं की पुस्तकातलं चित्र जमिनीवर उतरल्यासारखं वाटायचं. रॉकेलचा वास, निंबावर होला घुमतोय, आणि आप्पा बनियनवर, कपाळावर काळं बोट.

मी कोंबडीकडे लक्ष ठेवलं नव्हतं. मला शेळी सांगितली होती. एक तांबडी कोंबडी आली, ओळीच्या मधोमध उभी राहिली आणि तांब्याचा एक छोटा चकचकीत वायसर उचलून निघून गेली. आप्पांनी मान वर केली तोवर तो गेला होता, आत. पुढचे आठ दिवस मी शाळेतून आलो की काडी घेऊन त्या कोंबडीच्या मागे हिंडत होतो. काही हाती लागलं नाही. रविवारी घरात रस्सा झाला, वायसर त्यातही निघाला नाही. आप्पांनी तांब्याची तार वळून, ठोकून एक कडी बनवली आणि ती घातली. गावात वीज येऊन पाण्यातली मोटर बसेपर्यंत इंजिन त्या कडीवर चाललं.

त्या पुस्तकातही शेवटी हीच ओळ होती. ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ आप्पा ती मोठ्याने वाचत आणि थोडं हसत.

तर माझा खण. नवा फिल्टर बाण बघून बसवला, झाकण लावलं, खण वर ढकलला, खट् असा आवाज आला. एसी गार. वीस मिनिटांचं काम दोन तासांत झालं होतं आणि पायपुसण्यावर एक काळी प्लॅस्टिकची खिटी उरली होती. नखाएवढी. पुन्हा सगळं काढलं, उलट क्रमाच्या उलट क्रमाने. कुठेही तिची जागा रिकामी दिसली नाही. पुस्तकातल्या चित्रात ती नाही. आरशात धरलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन चाळीसगाव चौफुलीजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. माझी जुनी ओळख. त्याच्यासमोर मी आकड्यांचा विषय काढत नाही, पण त्या दिवशी बोलता बोलता ३५ न्यूटन-मीटर निघालंच. “भाऊ, हात सांगस,” म्हणत त्याने मनगट दाखवलं. मला हसू आलं, कारण हेच अपेक्षित होतं. पण मग त्याने हात पुसले, माझा मोबाइल घेतला आणि विचारलं, “वायरिंगना फोटो शे का?”

त्याच्याकडे आठ दिवसांपासून एक गाडी उभी होती. माझ्याच मॉडेलची, इंजिनाचा दिवा विझत नव्हता. कार्बोरेटर असता तर अर्ध्या तासात जमिनीवर मांडला असता, म्हणाला. पण सेन्सरपासून निघालेली कुठली तार कुठे जाते, निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे काय, हे हात सांगत नाही. ते लिहिलेलं असतं आणि ज्याला ते लागतं त्याच्यापर्यंत येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्याकडच्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो यासाठीच. सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि ही माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, नावाचं पोर्टलही काढलं, त्यात मोटारी आहेत. चौफुलीवर मात्र एक माणूस तीस वर्षांचे हात घेऊन उभा होता आणि हौस म्हणून युरो भरलेल्या माझ्यासारख्याकडे तारांच्या रंगांचं चित्र मागत होता. मला एकदम बादलीची लाज वाटली.

फोटो त्याला पाठवले. त्याने एक मोठा करून पाहिला, मान वाकडी केली.

“हाई ते उलटं शे.”

स्टिअरिंग डावीकडे आहे, मी सांगायला लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. “चाली जाई.” आणि तो बॉनेटमध्ये वाकला.

निघताना मला खिटी आठवली. ही कुठली, बघ जरा. त्याने ती उन्हात धरली, उलटीपालटी केली. मग फळीवरचा वनस्पती तुपाचा जुना डबा काढला. डबा निम्म्याहून जास्त भरलेला होता. काळ्या, पांढऱ्या, करड्या, शेकडो खिट्या. त्याने माझी त्यात टाकली आणि झाकण लावलं.